बाबांचं मशीन बाल्कनीत, दीड लाखाचं कोटेशन हॉलमध्ये

मावशी, नमस्कार.

मार्चमध्ये आम्ही बदलापूरला वन बीएचके घेतला. पहिलंच स्वतःचं घर. हॉल दहा बाय चौदा, एक मोठी खिडकी, भिंती बिल्डरने दिल्या तशा पांढऱ्या. सामान म्हणजे भाड्याच्या घरातला दिवाण, प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि टीव्ही. माझ्याकडे साठवलेले ४० हजार आहेत. यांनी एका इंटिरिअरवाल्याला बोलावलं. टीव्ही युनिट, त्याच्यामागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल, फॉल्स सीलिंग आणि कोपऱ्यातला सोफा मिळून त्याने दीड लाखाचं कोटेशन दिलं. हे म्हणतात, पर्सनल लोन काढू, तीन वर्षांत फिटेल. त्याने दाखवलेले फोटो सुंदर होते, पण बघताना वाटत राहिलं की हे घर मी आधी दहा ठिकाणी पाहिलंय.

दुसरी गोष्ट लिहायला थोडी लाज वाटते. माझे बाबा टेलर होते. विट्याजवळ आमच्या गावात त्यांचं दुकान होतं. गेल्या वर्षी ते गेले. दुकान रिकामं करताना भावाने त्यांचं पायमशीन टेम्पोने माझ्याकडे पाठवलं, सोबत त्यांची मोठी कात्री आणि आजीची वाकळ. देवगडहून सासूबाईंनी तांब्याचा बंब, दोन हंडे, समई, परात, दोन जुनी लुगडी असं पोतंभर सामान दिलंय. मशीन बाल्कनीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. वास्तुशांतीला ऑफिसातली मैत्रीण ते बघून म्हणाली, "अगं, टेलरचं दुकान काढतेस की काय?" सगळे हसले. मीही हसले. आता दुसरी एक म्हणते, वरचं मशीन काढून स्टँडवर काच टाक, मस्त टेबल होईल, हल्ली फॅशन आहे. दिवाळीला दोन्हीकडची माणसं येणार आहेत. थोडक्या पैशात घर आपलं वाटेल असं कसं सजवू?

— एक वाचक, बदलापूर

*

उत्तर नंतर वाच. आधी उठ, कोणाला तरी हाताशी घे आणि ते मशीन बाल्कनीतून आत आण. बदलापूरचा पाऊस काय असतो हे मी तुला सांगायला नको. बिडाचं लोखंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की ते जपलं जाईल असं आपल्याला वाटतं, होतं मात्र उलटं. दमटपणा आत कोंडतो, प्लास्टिकला आतून पाणी सुटतं आणि ते सांध्यासांध्यांत जाऊन बसतं. ते प्लास्टिक फाडून टाक, सुती फडक्याने सगळं कोरडं पूस आणि आजची रात्र मशीन पंख्याखाली राहू दे.

आलं आत? आता बोलू.

पत्र मी दोनदा वाचलं. त्यात "मीही हसले" हे दोन शब्द नसते, तर मी तुला पडद्यांचे रंग सांगून मोकळी झाले असते. टेलरचं दुकान काढतेस का, या प्रश्नाला सरळ उत्तर आहे: "माझ्या बाबांचं होतं." पुढच्या वेळी एवढंच म्हण आणि चहा ठेवायला आत जा. मैत्रीण वाईट असेल असं नाही. आपण एखादी वस्तू बाल्कनीत प्लास्टिकखाली दडवली की लोकांनाही ती अडगळच वाटते. तीच वस्तू खिडकीजवळ, झाडूनपुसून, वर दिवा लावून ठेवलेली असती, तर त्याच बाईने "कुठून आणलंस गं?" असं विचारलं असतं. माणसांचं असंच असतं.

काच टाकून टेबल करायचं का? मशीन आतून मोडलं असेल, सुटा भाग कुठेच मिळत नसेल, तर खुशाल कर. पण चालू मशीनचं डोकं माळ्यावर टाकायचं आणि त्याच्या पायांवर काच ठेवून वर रिमोट आणि मोबाइलचा चार्जर मांडायचा, हे मला पटत नाही. कोणीही करो, टेलरच्या मुलीने करू नये. शिवाय त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येक पाहुण्याचा पाय खालच्या पायट्यावर पडतो आणि चाक फिरतं, हे फोटोत दिसत नाही.

तुला शिवता येतं की नाही हे तू लिहिलेलं नाहीस. सरळ टीप मारता येत असेल तर पुरे. कारण माझं म्हणणं असं आहे की तुझ्या नव्या घराचे पडदे त्याच मशीनवर शिवले जावेत, तेही तुझ्या हाताने. घर सजवण्याची सुरुवात तिथून कर. बाकीचं त्यामागोमाग येईल.

आता यांच्या लोनकडे वळू. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे हा हिशेब मला झोपेतही येतो. दीड लाख, तीन वर्षं, व्याज १४ टक्के धरलं, तर हप्ता ५,१२५ रुपयांच्या आसपास बसतो. ३६ हप्ते भरले की एकूण जातात १ लाख ८४ हजार ५०० च्या घरात. म्हणजे नुसतं व्याज साडेचौतीस हजार. तुझी सगळी साठवण ४० हजार! जेवढ्यात तू अख्खा हॉल उभा करू शकतेस, जवळपास तेवढेच पैसे तू त्या पट्ट्यांच्या पॅनेलचं नुसतं भाडं म्हणून भरणार. आणि हे घराच्या कर्जाच्या हप्त्यावर आणखी. हे आकडे कागदावर मांड आणि यांच्यापुढे ठेव. भांडू नकोस. आकड्यांशी भांडता येत नाही, बायकोशी येतं.

भिंतीत ठोकलेल्या फर्निचरची दुसरी भानगड अशी की ते हलत नाही. पहिल्या पावसाळ्यात कुठल्या भिंतीला ओल येते, दुपारी ऊन कुठे पडतं, चहा पिताना तुम्ही दोघं नकळत कुठे बसता, हे घर वर्षभरात आपल्याला दाखवतं. तोवर सगळं सरकवता येईल असं ठेवावं. माझ्या नोकरीत सात बदल्या झाल्या, सात घरं लावली आणि मोडली. रत्नागिरीच्या घरी पोचल्या महिन्यात मी हौसेने वेताचा सोफासेट घेतला आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवला. जुलैच्या शेवटी उशा उचलल्या तर मागून सगळा हिरवा! बुरशी पुसता पुसता वेत सुटला. तेव्हापासून नव्या घरात पहिला पावसाळा होईपर्यंत मी काही मोठं विकत घेत नाही. तुझा पावसाळा सरत आलाय. कुठली भिंत ओली झाली ते आत्ताच बघून ठेव आणि तिला काही टेकवू नकोस.

यांना टीव्ही नीट दिसायला हवा, एवढीच त्यांची खरी मागणी असणार. टीव्ही ब्रॅकेटवर भिंतीला लाव, तारा एका साध्या पांढऱ्या पट्टीतून खाली घे, आणि खाली एक लांबट बुटकं बाक ठेव. दोन स्टेशनांवर उल्हासनगर आहे, फर्निचरचा एवढा मोठा बाजार हाताशी असताना अंधेरीला कशाला जायचं? सोफा आत्ता नको. दिवाण आहे ना, त्यावर सोलापुरी चादर घाल. घट्ट विणीची, धुवायला सोपी, आणि दिवाळीला पोरंटोरं लाडू घेऊन बसली तरी जीव खालीवर होत नाही.

पडद्यांचं सविस्तर सांगते, कारण तिथेच लोक फसतात. मांजरपाट घे. न रंगवलेलं, फिकट, जरा खडबडीत सुती कापड. उन्हात दुधावरच्या सायीसारखं दिसतं, आणि स्वस्त. खिडकी पाच फुटी धरली तर दांडी सहा फुटी घे, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट बाहेर. पडदे उघडले की काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. दांडी चौकटीला चिकटवून लावू नकोस, चार-सहा इंच वर लाव, आणि पडदा जमिनीला टेकेल इतका लांब कर. गुडघ्याएवढे पडदे म्हणजे आखूड झालेली शाळेची पँट. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच असेल तर तीन पट्टे लागतील, दुमड धरून प्रत्येकी आठ फूट. म्हणजे साधारण साडेसात मीटर. पण मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून साडेआठ घे. आधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर, आणि मगच कात्री लाव. बाबांनी गिऱ्हाइकाला हे हजारदा सांगितलं असेल. तिसरा पट्टा उभा मधोमध काप आणि अर्धा अर्धा दोन्हीकडे जोड.

सासूबाईंच्या लुगड्यांपैकी एखादं विरलेलं असेल, तर त्याचे काठ बहुतेक वेळा शाबूत असतात. अंग फाटतं, काठ टिकतात. ते काठ पडद्याच्या खालच्या बाजूला लाव. पण आधी फोन करून विचार: "आई, हे लुगडं कापलं तर चालेल का?" हे विचारणं फार महत्त्वाचं. त्यांनी ते लुगडं कुठल्या दिवशी नेसलं होतं तुला ठाऊक नाही. कदाचित नाही म्हणतील, मग ते तसंच घडी घालून ठेव. हो म्हणाल्या, तर दिवाळीत येऊन त्या पहिल्यांदा पडद्यालाच हात लावतील, मी आत्ताच सांगून ठेवते.

दिव्यांचं थोडक्यात. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर बहुतेक वेळा निळसर पांढरी ट्यूब देतो. त्या उजेडात पुरणपोळीसुद्धा दवाखान्यातली वाटते. एलईडीच्या खोक्यावर आकड्यापुढे "के" लिहिलेलं असतं. ६५०० असेल तर निळसर पांढरा, २७०० ते ३००० असेल तर पिवळसर, जुन्या बल्बसारखा. वरची ट्यूब राहू दे, केर काढायला आणि सुईत दोरा ओवायला तीच लागते. संध्याकाळी मात्र ती बंद करून दोन पिवळसर दिवे लाव, आणि ते छतावर नकोत, बसल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर हवेत. एक दिवाणाशी, एक मशीनवर. फॉल्स सीलिंगमधल्या बारा दिव्यांनी जे होणार होतं त्यापेक्षा हे बरं होईल, आणि खर्च दोन-तीन हजारांच्या आतबाहेर.

आता भिंती. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

मशीनचा ड्रॉवर उघडलास का? नसशील तर आज उघड. टेलरच्या ड्रॉवरमध्ये बटणं, खडूचे झिजलेले तुकडे, गंजकी बॉबीन, सुयांची पुडी आणि कोणाची तरी मापं लिहिलेला एखादा कागद असा ऐवज हमखास असतो. तो साफ करू नकोस. आणि भावाला आजच विचार की दुकानातल्या मापांच्या वह्या कुठे आहेत. टेलर लोक गिऱ्हाइकाचं माप लिहून शेजारी त्या कापडाचा चिंधीएवढा तुकडा टाचून ठेवतात, पावतीपुस्तकातही आणि वहीतही. भावाने रद्दीत घातल्या नसतील तर तुझं नशीब थोर. त्यातलं एक पान निवड. लांबी, छाती, कंबर, बाही, गळा, समोर बाबांच्या अक्षरातले आकडे, आणि कोपऱ्यात टाचलेला निळ्या चौकड्याचा तुकडा. ते पान फ्रेम कर. गिऱ्हाइकाचं नाव दिसणार नाही असं पान घे किंवा नाव माउंटखाली जाऊ दे, उगाच कोणाच्या कमरेचं माप दिवाणखान्यात नको. कुठल्याही दुकानात मिळणार नाही असं चित्र तुझ्या भिंतीवर असेल, आणि खर्च फ्रेमचा.

फ्रेम करताना माउंट घालायला सांग, म्हणजे काच आणि कागद यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट. ती नुसती शोभेसाठी नसते. माझ्या आजीचा एकुलता एक फोटो मी काचेला चिकटून बसवून घेतला होता. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, दमट हवेत तो चिकट होतो. चार पावसाळ्यांनी फ्रेम उघडली तेव्हा आजीचा अर्धा चेहरा काचेबरोबर निघून आला. अजून आठवलं की पोटात कालवतं. त्यामुळे बाबांचा फोटो असो की वहीचं पान, आधी चांगलं स्कॅन करून ठेव. फोटोची प्रत फ्रेम कर, मूळ फोटो कपाटात. पान मात्र खरं लाव, पण ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीवर.

लावायचं किती उंचीवर? चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर. आपल्याकडे फोटो छताखाली लावायची खोड जुनी आहे. पूर्वी ते आजोबा-पणजोबांचे असत, खाली वाकून बघतायत असे वाटायचे, हारही घालायचे असत. तुझ्या हॉलमध्ये बसून बघायची चित्रं डोळ्यासमोर हवीत. खिळा मारण्यापूर्वी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे कागद कापून भिंतीला चिकटव आणि दोन दिवस बघ. मग ड्रिलवाल्याला एकदाच बोलाव.

कॅलेंडर लपवू नकोस, बाई. हल्ली घरं अशी सजवतात की तिथे दुधाचा हिशेब कुठे लिहितात कळत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी लाव, पण लाव.

विकत घ्यायची तर एक गोष्ट घे, आणि ती ज्याने केली त्याच्याकडून घे. वारली चित्र म्हणून हल्ली उशीपासून कपापर्यंत जे छापतात ते बघून मला कंटाळा आलाय. मूळ चित्र गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचं, लग्नघरात बायका चौक, म्हणजे नक्षीची चौकोनी चौकट लिहायच्या, आणि त्या चौकात पालघट ही वारल्यांची देवी असे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. पण त्या भागात काढणारे हात पुष्कळ आहेत. छापील मोठ्या चित्रापेक्षा हाताने काढलेलं वीतभर चित्र घे. जवळून बघितलंस की ओळखू येतं: छापलेल्या रेषेची जाडी एकसारखी असते, हाताची रेष मध्येच बारीक होते, कुठे पीठ संपून तुटते.

पण यांचं माहेर… म्हणजे आपलं, यांचं गाव देवगड. तेव्हा हे चित्र सिंधुदुर्गातलं घ्यावं, असं मला वाटतं. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या गोष्टींची चित्रं, पाठीला पाठ चिकटवलेले कागद, त्यांची पोथी, आणि एकेक पान दाखवत गाऊन सांगायची कथा. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी पिंगुळीला या कलेचं छोटं संग्रहालयही उभं केलंय. नाहीतर सावंतवाडीची गंजिफा. गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. अख्खा हाताने रंगवलेला संच तुझ्या बजेटात बसणार नाही, पण त्याच शैलीतल्या छोट्या वस्तू तिथे मिळतात. हे यांच्यावर सोपव. पुढच्या खेपेला गावाला जाल तेव्हा ह्यांना स्वतः जाऊन निवडून आणू दे. घरात नवऱ्याने निवडलेली एक तरी वस्तू असली पाहिजे, नाहीतर तो जन्मभर स्वतःच्या हॉलमध्ये पाहुण्यासारखा बसतो. माझा बसला.

सासूबाईंच्या पोत्याचं काय? सगळं मांडू नकोस. समई तर लागणारच. एक हंडा घे, चिंच-मिठाने घास, आणि दाराशी ठेव. त्यात रोप लावायचं असेल तर माती थेट घालू नकोस, प्लास्टिकची कुंडी आत बसव, नाहीतर पाणी साचून रोपही कुजेल आणि तांबंही खराब होईल. परात रांगोळी आणि पणत्यांसाठी दिवाळीत काढ, एरवी पोळ्यांची कणीक मळ, तिचं काम तेच. बंब मात्र परत पाठव. वन बीएचकेमध्ये बंब ठेवायचा म्हणजे एक माणूस जास्त ठेवल्यासारखं. तो देवगडला न्हाणीघराशी, धुराच्या वासात शोभतो. "आई, तिकडे आल्यावर याच पाण्याने अंघोळ करू" असं म्हणून पाठवलंस तर त्या रागावायच्या नाहीत. मिळालेलं सगळं मांडलंच पाहिजे असा नियम नाही, मग ते सासरचं असो की माहेरचं. आठवण आहे म्हणून वस्तू ठेवायला लागलो तर आपल्याला जिन्यात राहावं लागेल.

वाकळ भिंतीवर टांगायला कोणीतरी सांगेलच. टांगता येते, पण खिळे मारून नाही. मागे वरच्या कडेला कापडाची पोकळ पट्टी हाताने शिवायची आणि त्यातून दांडी घालायची, म्हणजे वजन सगळीकडे सारखं विभागतं. तरी मी तुला सांगेन, टांगू नकोस. दिवाणाच्या पायथ्याशी घडी घालून ठेव आणि थंडीत पांघर. आजीने कोणाची साडी, कोणाचा सदरा, कोणाचं धोतर त्या धावदोऱ्यात शिवलंय हे अंगावर घेतल्यावरच कळतं. एखाद्या दुपारी आईला फोनवर घे आणि एकेक ठिगळ दाखवून विचार. तासभर सहज जाईल.

चार प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी दोन ठेव, पाहुणे येतात तेव्हा त्यांना पर्याय नाही. पैसे उरले तर एक चांगली जुनी लाकडी खुर्ची घे. एकच. मुंबईत चोर बाजार, मटन स्ट्रीट. सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जाता येतं. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, तो वार टाळ. पुण्याला जाणं झालं तर जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कितीही स्वस्त असली तरी हात लावू नकोस, ती कीड घरी येऊन दिवाणात शिरेल. खुर्चीवर बसून डावी-उजवी झुकून बघ, कुरकुरली तर चालेल, डुगडुगली तर नको. वेताची बैठक फाटलेली असेल तर तेवढ्यावरून भाव पाड, वेत विणून देणारे कारागीर अजून मिळतात. आणि "शंभर वर्षं जुनं पितळ" असं जिथे सांगतील तिथून पुढे चालू लाग, नवं पितळ काळं करून विकायची कला तिथे फार पुढे गेलेली आहे.

पैशांचं म्हणशील तर दिवाळीपूर्वी २५ हजारांच्या वर जाऊ नकोस. टीव्हीखालचं बाक आणि खुर्ची यात निम्म्याहून जास्त जातील, उरलेल्यात कापड, दांडी, दिवे, फ्रेमा आणि मशीनची दुरुस्ती आरामात बसेल. १५ हजार तसेच राहू देत. डिसेंबरात कळेल की घराला खरं काय कमी आहे. रंग, झाडं, गालिचा हे सगळं तेव्हा. दिवाळीला कोपरा रिकामा दिसला तर तिथे रांगोळी काढ.

राहिलं मशीन. खिडकीशी, डाव्या बाजूने उजेड येईल असं ठेव. साधारण तीन फूट बाय दीड फूट जागा लागेल. पण वापरण्याआधी मशीन दुरुस्तीवाल्याला एकदा दाखव. आतलं जुनं तेल घट्ट होऊन बसलेलं असतं, तो रॉकेलने सोडवेल. वरच्या सोनेरी नक्षीला मात्र रॉकेल लागू देऊ नको म्हणावं, ती निघून जाते. चामडी पट्टा बहुधा सैल पडला असेल, तो नवा घाल, फार महाग नसतो. लाकडी फळीला जवसाच्या तेलाचा हात दे, आणि ज्या फडक्याने देशील ते चोळामोळा करून फेकू नकोस. त्या तेलाचं फडकं गोळा करून ठेवलं तर आपोआप तापतं, पेटही घेऊ शकतं. उलगडून वाळत टाक. बाबांची कात्री ड्रॉवरमध्येच ठेव, आणि यांना कुरिअरचे खोके तिने उघडू देऊ नकोस. कागद-पुठ्ठ्याने कापडाच्या कात्रीची धार जाते, घरात यावरून एकदा भांडण होईल ते होऊ दे.

तेल घातल्यावर लगेच मांजरपाट लावू नकोस. आधी जुन्या टॉवेलचा तुकडा घे आणि पाच मिनिटं नुसत्या टिपा मार. पहिले काही टाके काळपट येतील. दोरा पांढरा दिसायला लागला की पडदा घे.